पंखा का फिरेना?



उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे जाताना घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार तुम्ही नक्कीच पाहिली असेल. बॉनेटखालून वाफ येत असते, मुले सावली शोधत असतात आणि मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी असतात. मे २०१९ मध्ये पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ही वेळ आमच्यावरच आली.

पुढे कोठेतरी एक ट्रक बंद पडला होता आणि गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. प्रथम एसीमधून येणारी हवा कोमट झाली. मी तिकडे लक्ष दिले नाही. थोड्याच वेळात तापमान दाखविणारा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी कडेला घेऊन एंजिन बंद केले. मागच्या गाडीतील एक तरुण मदतीला धावून आला. हाताला रुमाल गुंडाळून तो रेडिएटरचे झाकण फिरविणार, एवढ्यात शेजारच्या ट्रकचा चालक ओरडला, "हात लावू नका! तोंड भाजेल!" त्याच्या त्या एका ओरडण्याने मोठा अपघात टळला.

त्या दिवशी बंद पडला होता तो रेडिएटरमागचा पंखा. त्याचा बिघाड शोधताना मी, म्हणजे पंधरा वर्षे वर्गात ओहमचा नियम शिकविणारा माणूस, कसा फसलो तेही या लेखात सांगणार आहे. पण त्याआधी या पंख्याचे काम काय ते पाहू.

एवढी उष्णता येते कोठून?

एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. समजा, एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे आणि लिटरला १५ किलोमीटर जाते. म्हणजे ती तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते. ४ ला ३ कोटी २० लाखांनी गुणा आणि ३६०० सेकंदांनी भागा. उत्तर येईल सेकंदाला सुमारे ३५,५०० ज्यूल, म्हणजेच साधारण ३५ किलोवॅट.

ही सगळी ऊर्जा चाके फिरविण्याच्या कामी येत नाही. ढोबळमानाने बोलायचे तर तिचा एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग यांत्रिक कार्यात बदलतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ १२ किलोवॅट, एंजिनच्या धातूला तापवितो. घरातला पाणी तापविण्याचा गीझर बहुधा २ किलोवॅटचा असतो. म्हणजे बॉनेटखाली असे सहा गीझर एकाच वेळी चालू आहेत असे समजा!

ही उष्णता काढून नेण्यासाठी एंजिनच्या पोकळ भिंतींतून पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण पंपाने खेळविले जाते. त्यालाच कूलंट म्हणतात. एंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप कूलंटची रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते. तापमान सुमारे ८५° सें. झाले की तिच्यातील मेण वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. मग गरम कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहतो आणि नळ्यांना जोडलेल्या पातळ पात्यांमधून वाहणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते.

पंख्याची गरज केव्हा?

आता हवेचा हिशेब करू. एक घनमीटर हवेचे तापमान १° सें. ने वाढविण्यास सुमारे १.१ किलोज्यूल उष्णता लागते. रेडिएटरमधून जाताना हवा ३०° सें. ने तापली, तर प्रत्येक घनमीटर हवा सुमारे ३३ किलोज्यूल उष्णता नेईल. १२ किलोवॅट बाहेर काढायचे तर सेकंदाला साधारण ०.३६ घनमीटर हवा हवी.

गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगाने धावत असेल, तर ०.२ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या रेडिएटरसमोर सेकंदाला ३.३ घनमीटर हवा येते. त्यातील आठवा हिस्सा जरी पात्यांमधून आरपार गेला तरी काम भागते. तेव्हा मोकळ्या रस्त्यावर पंख्याची जवळजवळ गरजच नसते. धावणारी गाडी स्वतःच वारा खाते.

गाडी थांबली की हा वारा थांबतो. पण एंजिन थांबलेले नसते. नुसत्या चालू ठेवलेल्या एंजिनलाही दोनएक किलोवॅट उष्णता बाहेर टाकावीच लागते. घाटातल्या रांगेत तर चढामुळे एंजिनवर ताण जास्त आणि वेग मात्र पायी चालण्याइतका. अशा वेळी सारा भार पंख्यावर पडतो.

यातूनच बिघाडाचा पहिला सुगावा लागतो, आणि त्यासाठी एकही हत्यार लागत नाही. गाडी रांगेत किंवा सिग्नलला तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, असे असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. भरधाव जातानाही गाडी तापत असेल, तर पंखा बहुधा निर्दोष असतो. तेव्हा कूलंटची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट, निकामी पंप किंवा चोंदलेला रेडिएटर यांचा विचार करावा. आमच्या गाडीतील एसीची कोमट हवा हाही एक इशाराच होता. एसीने आतून बाहेर काढलेली उष्णता रेडिएटरपुढच्या जाळीतून हवेत जाते आणि तीही थांबलेल्या गाडीत याच पंख्याच्या वाऱ्यावर अवलंबून असते.

जुन्या अँबॅसडरमध्ये (तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले) पंखा एंजिनवरच्या पट्ट्याने फिरत असे. एंजिन चालू तोवर पंखा चालू. तेथे बिघाड शोधणे सोपे होते: पट्टा तुटला किंवा सैल झाला एवढेच पाहायचे. पण असा पंखा गरज नसतानाही एंजिनची शक्ती खातो. शिवाय आजच्या बहुतेक लहान मोटारींत एंजिन आडवे बसविलेले असल्यामुळे पट्ट्याने पंखा फिरविणे अडचणीचे होते. म्हणून विजेचा पंखा आला. तो तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेले की सुरू होतो आणि काही अंशांनी खाली आले की थांबतो.

झाकणाला हात का लावायचा नाही?

रेडिएटरचे झाकण साधे नसते. त्यातील स्प्रिंगमुळे आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून सुमारे एका वातावरणाने जास्त राहतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे प्रेशर कुकरवरून तुम्हांस ठाऊक आहेच. दोन वातावरण दाबाखाली शुद्ध पाणी सुमारे १२०° सें. ला उकळते. म्हणून आत ११५° सें. चे पाणी न उकळता राहू शकते.

आता कोणी झाकण उघडले तर काय होईल? दाब एकदम उतरेल आणि ११५° सें. चे पाणी तत्क्षणी १०० अंशांवर येऊ पाहील. एक किलोग्रॅम पाण्याला १५ अंश खाली येताना १५ × ४.२ = ६३ किलोज्यूल उष्णता सोडावी लागते. पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा किलोग्रॅमला सुमारे २२६० किलोज्यूल आहे. म्हणजे ६३ किलोज्यूलमध्ये सुमारे २८ ग्रॅम पाण्याची वाफ होईल. २८ ग्रॅम म्हणजे दोन चमचेभर पाणी! पण त्याची वाफ सुमारे ४७ लिटर जागा व्यापते. ती उसळून बाहेर येताना उरलेले उकळते पाणीही आपल्याबरोबर फेकते. त्या ट्रकचालकाने हे गणित केले नव्हते, पण त्याचे उत्तर त्याला ठाऊक होते.

तेव्हा गाडी तापली तर एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी, एंजिन बंद करावे, हीटरही बंद करावा आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या एंजिनवर थंड पाणी ओतण्याचा मोहही टाळावा. पुष्कळ एंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे डोके ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम हे बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण व आकुंचन पावते. ४० सेंटिमीटर लांबीचे डोके ६०° सें. ने जास्त तापले तर ते सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते, ठोकळा मात्र पाव मिलिमीटरच वाढतो. या ओढाताणीत दोहोंमधले गॅस्केट फाटते, डोके वाकते किंवा त्याला तडा जातो. पंख्याच्या बिघाडाचा खर्च मग एंजिनच्या खर्चावर जातो.

एक मोठे मंडळ, एक लहान मंडळ

आता वही घ्या आणि पंख्याचे विद्युत् मंडळ काढा. खरे तर ती दोन मंडळे आहेत.

मोठे मंडळ असे: बॅटरीचे धन टोक – फ्यूज – रिलेचे संपर्क – पंख्याची मोटर – गाडीचा लोखंडी सांगाडा – बॅटरीचे ऋण टोक. यातून १५ अँपिअरच्या आसपास विद्युत्-धारा वाहते. गाडीचा सांगाडाच परतीच्या तारेचे काम करतो. मोटरची तार सांगाड्याला जेथे बोल्टने जोडलेली असते, त्या जागेला 'अर्थ' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा; पुढे उपयोगी पडेल.

लहान मंडळ रिलेच्या वेटोळ्याचे. त्याचा रोध सुमारे ८५ ओहम, म्हणजे त्यातून १२ ÷ ८५ = ०.१४ अँपिअर एवढीच धारा जाते. या धारेने वेटोळ्याचे विद्युत्-चुंबक बनते, ते लोखंडी पट्टी ओढून घेते, 'टक्' असा आवाज होतो आणि मोठ्या मंडळाचे संपर्क जुळतात. लहान धारेने मोठी धारा चालू करण्याची ही युक्ती. हे लहान मंडळ केव्हा पूर्ण करायचे ते आजच्या गाड्यांत एंजिनचा छोटा संगणक ठरवितो. कूलंटमध्ये बुडालेला थर्मिस्टर त्याला तापमान कळवितो. थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की घटतो. २०° सें. ला तो अडीच हजार ओहमच्या जवळपास असेल, तर ९०° सें. ला अडीचशेच्या घरात येतो.

शोध कसा घ्यावा?

पंखा फिरत नाही म्हणजे या साखळीतील कोणती तरी कडी तुटली आहे. एकेक सुटा भाग बदलत बसणे हा शोध नव्हे, तो जुगार झाला. साखळी मध्यावर तोडून पाहावी. कोणता अर्धा भाग ठीक आहे हे कळले की उरलेला अर्धा पुन्हा अर्धा करावा.

हे काम करताना मोठे माणूस जवळ असावे. आणखी एक गोष्ट: कित्येक गाड्यांत एंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. म्हणून बॅटरीचे ऋण टोक सोडल्याखेरीज पात्यांजवळ बोटे नेऊ नयेत.

पहिली पायरी: थंड एंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की हा पंखाही सुरू होतो. तो फिरला तर मोटर, फ्यूज, रिले आणि अर्थ हे सारे ठीक आहे. दोष तापमान कळविणाऱ्या बाजूला आहे. तो फिरला नाही तर मोठ्या मंडळाकडे वळा. पाहा, एका बटणाने अर्धी साखळी निर्दोष ठरली!

दुसरी पायरी: फ्यूज. तो उडाला असेल तर नवा घालण्यापूर्वी 'का उडाला?' हे विचारा. मोटर फिरत असताना तिच्यात उलट दिशेचे विद्युत्-चालक बल निर्माण होते आणि ते धारेला आवर घालते. मोटर जागच्या जागी अडकली तर हा आवर राहत नाही. वेटोळ्याचा रोध ०.३ ओहम धरला, तर धारा १२ ÷ ०.३ = ४० अँपिअर होईल आणि फ्यूज उडेल. म्हणून बॅटरी सोडून पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे. फ्यूजच्या जागी जाड तार किंवा चंदेरी कागद मात्र कधीही लावू नये. मग फ्यूजऐवजी गाडी जळते.

तिसरी पायरी: रिले. बॅटरी पुन्हा जोडून एसी लावताना 'टक्' असा आवाज येतो का ऐका. बऱ्याच गाड्यांत शेजारीच तशाच जातीचा दुसरा रिले असतो, उदाहरणार्थ हॉर्नचा. दोन्ही एकसारखेच आहेत याची खात्री करून त्यांची अदलाबदल करून पाहता येते.

चौथी पायरी: मोटरला विद्युत्-दाब पोहोचतो का ते पाहणे. आणि येथेच मी फसलो.

१२ व्होल्टचा चकवा

घरी आल्यावर मी मल्टिमीटर घेऊन बसलो. फ्यूज शाबूत, रिले 'टक्' करतो. मोटरचा प्लग काढून मी मीटरची दोन टोके त्याच्या दोन पिनांना लावली. मीटरने १२ व्होल्ट दाखविले. मी म्हटले, झाले! दाब येतो, तरी पंखा फिरत नाही. अर्थात मोटर जळली. काही हजार रुपये देऊन नवी मोटर आणली, बसविली, एसी लावला. पंखा ढिम्म हलला नाही. विजेचा सुटा भाग दुकानदार परत घेत नाही, हेही त्याच दिवशी समजले.

शेवटी गाडी आमच्या गावातल्या एका वयस्क मोटार वायरमनकडे नेली. त्यांच्याजवळ मीटर होता, पण त्यांनी प्रथम उचलला तो हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब. प्लगच्या त्याच दोन पिनांना त्यांनी तो जोडला. बल्ब पिवळट, मिणमिणता लागला. ते म्हणाले, "सर, व्होल्ट आहेत, पण त्यांत दम नाही."

नंतर त्यांनी मोटर पुन्हा जोडली, एसी लावला आणि मीटरचे एक टोक मोटरच्या ऋण तारेला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. तेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते. मीटरने १० व्होल्टच्या वर दाखविले! रेडिएटरखाली मोटरची अर्थाची तार ज्या बोल्टने सांगाड्याला जोडली होती, तो बोल्ट गंजला होता. त्यांनी तो काढला, पॉलिश पेपरने जागा घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला आणि वर थोडे ग्रीस लावले. पंखा भणाणत सुरू झाला. त्यांनी पैसे घेतले ते जेमतेम चहापुरते.

आता वर्गात शिकतो तोच ओहमचा नियम येथे लावा. गंजलेल्या जोडाचा रोध २ ओहम धरू. मी प्लग काढून मोजले तेव्हा मंडळात फक्त मीटर होता. चांगल्या मल्टिमीटरचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्याच्यापुढे २ ओहम म्हणजे काहीच नाही. धारा जवळजवळ शून्य, म्हणून गंजलेल्या जोडावर दाबही खर्च होत नाही, आणि मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो.

मोटर जोडल्यावर चित्र पालटते. थांबलेल्या मोटरचा ०.३ ओहम आणि जोडाचा २ ओहम मिळून २.३ ओहम. धारा १२ ÷ २.३ = ५.२ अँपिअर. जोडावर खर्च होणारा दाब ५.२ × २ = १०.४ व्होल्ट. मोटरच्या वाट्याला उरले फक्त १.६ व्होल्ट! तेवढ्यात ती जागची हलत नाही. उलट तो जोड १०.४ × ५.२, म्हणजे सुमारे ५४ वॅटने तापत राहतो.

मीटर खोटे बोलला नव्हता. मी त्याला विचारले होते, 'धारा वाहत नसताना येथे दाब किती?' त्याने बरोबर उत्तर दिले. मला हवा होता तो प्रश्न निराळाच होता: 'धारा वाहत असताना येथे दाब किती?' त्या वायरमनच्या बल्बने तोच प्रश्न विचारला, कारण बल्ब धारा घेतो.

तुम्हीही करून पाहा

दीड व्होल्टचे दोन सेल, तंतूचा अडीच व्होल्टचा टॉर्चचा बल्ब (एलईडी नको), बल्बचा होल्डर, थोडी तार आणि दोन्ही टोकांना तासलेली एक पेन्सिल घ्या. सेल, होल्डर आणि पेन्सिलीचे शिसे एकसर जोडणीत जोडा. शिसे हा आपला गंजलेला बोल्ट. प्रथम बल्ब काढून होल्डरच्या दोन टोकांमधला दाब मोजा. तो सुमारे ३ व्होल्ट येईल. मग बल्ब बसवून पुन्हा मोजा. आकडा एकदम उतरलेला दिसेल आणि बल्ब मंद असेल किंवा लागणारही नाही. आता शिशाच्या दोन टोकांमधला दाब मोजा. 'हरवलेले' व्होल्ट तेथे सापडतील. दोन्ही आकड्यांची बेरीज करा आणि ती सेलच्या त्या वेळच्या दाबाशी ताडून पाहा. शिक्षकांना हा प्रयोग ओहमच्या नियमाच्या तासाला पाच मिनिटांत करून दाखविता येईल.

नवी मोटर अजून माझ्या कपाटात पडून आहे. दरवर्षी विद्युत्-धारेचा धडा सुरू करताना मी ती वर्गात नेतो, टेबलावर ठेवतो आणि मुलांना सांगतो की, ही अगदी उत्तम स्थितीत आहे, आणि जुनीही तशीच होती. मग त्यांना विचारतो, मी नेमके काय मोजायला विसरलो होतो? तुम्हांला उत्तर आता ठाऊक आहे. घरातला पंखा, पंप किंवा सायकलचा दिवा बंद पडला, तर आधी मंडळ वहीत काढा, साखळी अर्धी करा आणि मग मीटरला योग्य तो प्रश्न विचारा.